वाचक विचारतात : इंजिन गेलं आणि कंपनी हात वर करतेय

यावेळी मायलेज, टायर, कोटिंग हे सगळं बाजूला ठेवलंय कारण मेल उघडला की इंजिनच इंजिन. कुणाचं सीझ, म्हणजे जाम झालंय, कुणाचं ऑइल पितंय, कुणाचं उघडून टेबलावर पडलंय आणि मालक खाली घाम पुसत बसलाय. सहा पत्रं घेतली, जरा छाटली. नावं काढली आणि गाडी कुठल्या कंपनीची तेही काढलं, कारण एका बाजूचं ऐकून कुणाच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला सवय नाही. उत्तरात मात्र जिथं कंपन्यांची नावं आहेत ती जाहीर झालेल्या, सरकारी कागदावर असलेल्या प्रकरणांची आहेत.

प्रश्न : सर नमस्कार, माझी पेट्रोल टर्बो एसयूव्ही, साडेचार वर्षं झाली, ७८ हजार किमी. सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला. मागच्या आठवड्यात हायवेला चढावर खालून टक टक आवाज यायला लागला, मला वाटलं एखादी प्लेट सैल झाली असेल, दहा-बारा किलोमीटर तसाच गेलो, मग ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी बंदच पडली. टो करून नेली. आता ते म्हणतात रॉडचं बेअरिंग गेलं, क्रँक खराब, वॉरंटी संपलीये, पूर्ण इंजिन टाकावं लागेल. इंजिन उघडायला सही द्या म्हणून रोज फोन येतोय. सही द्यावी का? आणि कंपनीकडून काही मिळेल की आशा सोडू?

उत्तर : सही द्या, पण आज नको, आधी हे वाचा.

मी वर्कशॉपमध्ये नवीन होतो तेव्हा अशीच एक गाडी आली होती, सीझ झालेली. आपल्याला हौस, त्यात मालक घाईत, संध्याकाळी बसलो आणि रात्रीपर्यंत इंजिन खाली. ऑइल जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये ओतलं, फिल्टर फेकला, बेअरिंगचे शेल, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या अर्धगोल पट्ट्या, स्क्रॅपच्या डब्यात टाकले. चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला, चहा प्यायला, आणि पहिला प्रश्न विचारला, शेल कुठंयत? मी डब्यात हात घालून पंधरा-वीस शेल काढले, त्यातले या गाडीचे कुठले ते मलाच सांगता येईना. ऑइल किती होतं, विचारलं, तेही कुणी मोजलेलं नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. त्या मालकाला कंपनीकडून एक बोल्टसुद्धा मिळाला नाही, आणि चूक त्याची नव्हतीच, माझी होती. तेव्हापासून मी सांगतो की इंजिन बंद असतं तोवर ते पुरावा असतं, एकदा उघडलं की नुसते पार्ट उरतात.

तर सही देताना जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या. डिपस्टिकवर ऑइल कुठवर होतं ते उघडण्याआधी बघून लिहायचं, फोटोसकट, ओडोमीटरच्या फोटोसोबत. स्कॅनर लावून कोड आणि फ्रीज फ्रेम डेटा काढून प्रिंट घ्यायची, कारण कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, कूलंटचं तापमान, स्पीड हे सगळं त्यात पकडलेलं असतं आणि बॅटरी काढून कुणी कोड पुसले तर ते गेलं. ऑइल काढताना मधल्या धारेतलं शंभर-दीडशे मिली एका स्वच्छ बाटलीत, झाकण लावून, वर तारीख. आणि जुना ऑइल फिल्टर, बेअरिंगचे शेल, पिस्टन, रॉड, जे काही निघेल ते तुमच्यासमोर पिशवीत, केस संपेपर्यंत कुणी टाकायचं नाही. उघडताना तुम्ही हजर राहणार हेही लिहा. सर्व्हिस अॅडव्हायझर कुरकुर करेल, करू दे, तो माणूस वाईट नसतो पण त्याला बे, म्हणजे गाडी उभी करायची जागा, रिकामी करायची असते.

फिल्टर कापून उघडला की आतली घडी पसरून उन्हात धरा, रांगोळीसारखी चकाकी दिसते का बघा. मग साधं लोहचुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे क्रँक, चेन, ऑइल पंप अशा बाजूनं विचार करायचा. चिकटत नसेल आणि पिवळसर-तांबूस किंवा रुपेरी चुरा असेल तर बेअरिंग. शेलचा वरचा राखाडी थर गेला की खालचं तांबं दिसायला लागतं, ते एकदा बघितलं की विसरत नाही कुणी. आता मुद्दा असा की चारही रॉडचे शेल सारखेच झिजलेत का एकच गेलाय. सगळे सारखे गेले असतील तर ऑइल कमी होतं किंवा प्रेशर नव्हतं, आणि तिथं कंपनी तुमच्याकडं बोट दाखवणार. एकच गेलाय आणि बाकीचे नव्यासारखे आहेत तर मग त्या एका जर्नलला, म्हणजे क्रँकवरच्या त्या जागेला, काय झालं, तिथलं ऑइलचं होल चोकअप होतं का, मशिनिंगचा कचरा होता का, हा प्रश्न त्यांना विचारायचा. ही शंभर टक्के कसोटी नव्हे, पण बोलणं सुरू करायला एवढं पुरतं.

आणि हो, ते दहा-बारा किलोमीटर. लपवू नका. आवाज आल्यावर किती चाललो हे विचारतील आणि टोचा वेळ, गाडीतला डेटा यातून ते कळतंच. खरं सांगा की आवाज आला, दिवा नव्हता, दिवा लागल्याबरोबर बंद पडली. ऑइलचा लाल दिवा हा मुळात उशिरा सांगणारा दिवा आहे, प्रेशर अगदी तळाला गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ऑइलची पातळी तो दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि त्यात त्यांचा दोष पण नाही.

आता वॉरंटी संपलीये म्हणजे सगळं संपलं का, तर नाही. कंपन्यांकडं गुडविल म्हणून एक प्रकार असतो. तो तुमचा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे, म्हणून कुठंही छापलेला नसतो आणि डीलर आपणहून सांगत नाही. वॉरंटी संपून किती दिवस झाले, किती किमी जास्त झाले, सर्व्हिस वेळेवर केली का, तीही कुठं केली, आणि हाच प्रॉब्लेम दुसऱ्या गाड्यांना आलाय का, एवढ्यावर ठरतं. तुमची बाजू चांगली आहे. बऱ्याचदा पार्ट कंपनीचे आणि मजुरी तुमची, किंवा काही टक्के तुमचे काही त्यांचे असं मिटतं. पहिला आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका, पहिला आकडा हा घासाघीस करण्यासाठीच असतो.

लक्षात ठेवा की डीलर म्हणजे कंपनी नव्हे. काउंटरवर कितीही ओरडलात तरी निर्णय तिथं होत नाही, तो कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो, आणि तिथवर तुमचा आवाज पोचत नाही, कागद पोचतो. म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार टाका, तक्रार नंबर घ्या, आणि पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. साधारण असं : ‘चॅसिस नंबर अमुक, खरेदी तारीख अमुक, आज ७८ हजार किमी, सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, नोंदी जोडल्यात. अमुक तारखेला नॉकिंग, मग प्रेशर लाइट, इंजिन बंद. दुसऱ्या नंबरच्या रॉडचा शेल निकामी, बाकी ठीक, फोटो जोडलेत. एवढ्या किमीला एकच बेअरिंग जाण्याचं कारण लेखी कळवावं आणि दुरुस्तीचा खर्च कंपनीनं उचलावा.’ बस. तुमचा मनस्ताप, मुलांची परीक्षा, घरातलं लग्न, शोरूमवाल्यानं हार घातला होता, हे काही लिहू नका. बिघाडाचं कारण लेखी मागणं महत्त्वाचं आहे, कारण ‘इंजिन फेल’ हे कारण नसतं, तो परिणाम असतो, आणि कारण लिहायची वेळ आली की लोक जरा जपून बोलतात.

त्यासोबत चॅसिस नंबर टाकून रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन आहे का तपासा, आणि डीलरला थेट विचारा की या इंजिनवर टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे कंपनीची डीलरला दुरुस्तीची सूचना, निघालंय का. ह्युंदाई आणि कियाच्या थीटा-टू इंजिनाची गोष्ट माहीत असेल तर ‘एखादंच इंजिन असं निघतं’ हे वाक्य तुम्ही गपचूप ऐकून घेणार नाही. क्रँक मशिनिंग करताना राहिलेला धातूचा कचरा ऑइलच्या वाटेत अडकायचा, रॉडच्या बेअरिंगला ऑइल मिळायचं नाही, आधी टक टक, मग सीझ, म्हणजे तुमच्यासारखंच. अमेरिकेत २०१५ मध्ये पहिला रिकॉल आला, सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्यांचा, २०१७ मध्ये अजून गाड्या घ्याव्या लागल्या. ह्युंदाईचाच इंजिनिअर किम ग्वांग-हो यानं आतली माहिती अमेरिकन सुरक्षा यंत्रणेला दिली होती, २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर दंड आणि सुधारणांचा खर्च मिळून २१ कोटी डॉलरचा करार झाला आणि २०२१ मध्ये त्या माणसाला २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळालं. कंपनीनं पुढं एक सॉफ्टवेअर दिलं, ते नॉक सेन्सरवर कान ठेवून बसतं आणि बेअरिंगचा आवाज ओळखला की पी-१३२६ कोड टाकून आरपीएम दोन हजाराच्या आसपास अडवून ठेवतं, म्हणजे निदान हायवेच्या मधोमध सीझ होऊ नये. आणि या गाड्यांच्या शॉर्ट ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाला, त्या तक्रारीसाठी तिथं लाइफटाइम वॉरंटी मिळाली. हे सगळं का झालं, तर आपल्यासारख्याच लोकांनी तक्रारी लेखी टाकल्या होत्या आणि त्यांचा ढीग मोजता आला. तुमच्या देशात गाड्यांच्या सुरक्षेच्या तक्रारी घेणारी जी यंत्रणा असेल तिथं तुमचीही टाका, त्यातून तुम्हाला उद्या चेक येणार नाही पण ढिगात एक भर पडेल.

समजा इंजिन मिळालं, पूर्ण किंवा अर्ध्या खर्चात, तर एक गोष्ट बजावून सांगा. जुन्या बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या पाइपमध्ये जाऊन बसलेला असतो. कूलर न बदलता नवीन इंजिन बसवलं की तोच चुरा परत फिरतो आणि सहा महिन्यांत तुम्ही मला दुसरं पत्र लिहिता. कूलर बदलला का, टर्बोची ऑइल लाइन बदलली का, नव्या इंजिनाला वॉरंटी किती, हे बिलावर आलं पाहिजे.

प्रश्न : गाडी वॉरंटीत आहे पण मी पहिल्या दोन सर्व्हिसनंतर बाहेरच्या गॅरेजला जातो, आमचा मेकॅनिक वर्षानुवर्षांचा. आता व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर आत काळा डांबरासारखा गाळ. कंपनी म्हणते देखभाल नीट नाही, वॉरंटी रद्द. बिलं अर्धी आहेत अर्धी नाहीत. लढू का सोडून देऊ?

उत्तर : आधी मनातल्या मनात एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या, मला नको. ऑइल वेळेवर बदललं होतं का? एकाच ऑइलवर पंचवीस हजार किमी मारले असतील तर सोडून द्या, गाळ खोटं बोलत नाही.

बदललं असेल तर लढा. बाहेर सर्व्हिस केली म्हणजे वॉरंटी आपोआप गेली असं सगळीकडं नसतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं कंपनीला असं म्हणता येत नाही, बिघाड त्या बाहेरच्या कामामुळंच झाला हे तिला दाखवावं लागतं, आणि युरोपातसुद्धा स्वतंत्र गॅरेजला सर्व्हिस केली एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. तुमच्याकडं काय नियम आहे ते वॉरंटीच्या पुस्तिकेत आणि ग्राहक कायद्यात शोधा. पण ऑइल योग्य ग्रेडचं होतं हे दाखवायची जबाबदारी शेवटी तुमच्या गळ्यातच येते. मेकॅनिकची वही असते ना, हिशेबाची, त्यातल्या पानांचे फोटो काढा. ऑनलाइन पेमेंट केलं असेल तर त्याच्या नोंदी, ऑइलचा डबा विकत घेतल्याचं बिल, व्हॉट्सअॅपवर ‘उद्या गाडी आणतो, ऑइल बदलायचंय’ असा मेसेज, सगळं चालतं. तारखेनुसार एका कागदावर मांडा आणि प्रत्येक तारखेपुढं किमी. मेकॅनिकनं आज बसून मागच्या तीन वर्षांची नवी कोरी बिलं बनवून दिली, एकाच पेनानं, तर मात्र ती लावू नका, वॉरंटीवाल्यांना तो प्रकार पाठ असतो आणि मग तुमची खरी बिलंही खोटी ठरतात.

गाळ म्हटलं की ‘तुम्हीच ऑइल बदललं नाही’ हे पहिलं उत्तर असतं, पण ते शेवटचं असायची गरज नाही. टोयोटानं पण आधी हेच म्हटलं होतं. मग १९९७ ते २००२ मधल्या काही गाड्यांसाठी, ३ लिटर व्ही-सिक्स आणि २.२ लिटर चार सिलिंडरवाल्या, २००२ मध्ये गाळासाठी खास कव्हर जाहीर केलं, पहिल्या विक्रीपासून ८ वर्षं, किमीची मर्यादा नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइप चोक आहे का तेही बघून घ्या, ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेनं खाली सुटलेला वायू, बाहेर जायची वाट बंद झाली की चांगलं ऑइलसुद्धा लवकर खराब होतं.

प्रश्न : माझी गाडी दीड हजार किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑइल खाते. धूर दिसत नाही, थेंब पडत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं नॉर्मल आहे मॅडम, टॉप-अप करत जा. वॉरंटीचे सात महिने उरलेत.

उत्तर : ताई, तुमच्याकडं सात महिने आहेत हीच मोठी गोष्ट आहे, यातले सहा ‘टॉप-अप करत जा’ मध्ये घालवू नका.

‘नॉर्मल’ या शब्दाला आकडा विचारा. बऱ्याच पुस्तिकांमध्ये हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं लिहिलेलं असतं, आणि कंपन्या त्याच्या आड बसतात. तेव्हा लेखी मागा की ऑइल कन्झम्पशन टेस्ट करा. रीत अशी, ऑइल बदलून बरोबर मापात भरतात, ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि झाकणावर रंगाची खूण मारतात म्हणजे मधे कुणी हात लावला तर कळेल, मग तुम्ही हजार-दोन हजार किमी गाडी नेहमीसारखी चालवायची आणि परत आणायची, किती कमी झालं ते मोजतात. टॉप-अप मधे अजिबात नाही, पण पातळी खालच्या खुणेला आली तर लगेच घेऊन जायचं. घरी बघताना गाडी सपाटीवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, दर रविवारी फोटो.

कारण बहुतेक पिस्टन रिंग. ऑइल रिंगची भोकं कार्बननं बुजतात, ऑइल खाली उतरत नाही, वर जळतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यामुळं निळा धूर दिसतोच असं नाही. टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनात हेच होतं, तिथं १,२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे साधारण १,९०० किमीला लिटरभर, ही रेषा धरली होती, त्यापेक्षा जास्त प्यायली तर पिस्टन आणि रिंग बदलून दिले. सुबारूनंही अमेरिकेत ऑइल पिण्याच्या खटल्यात ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत कव्हर वाढवलं. तुमचा आकडा त्या टोयोटाच्या रेषेच्या पलीकडं आहे, हे सर्व्हिस सेंटरला हसत हसत सांगा.

तक्रार वॉरंटीत नोंदवली असेल तर नंतर वॉरंटी संपली तरी ‘प्रॉब्लेम आधीचा आहे’ हे तुमच्याकडं राहतं, पण जॉब कार्डवर ‘ग्राहकाची तक्रार : ऑइल कमी होते’ असं लिहिलंय ना ते बघून सही करा, बरेच जण तिथं ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळे होतात.

प्रश्न : काका, मी गाडी रिमॅप केली होती, म्हणजे ट्यूनरकडून इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून घेतली, स्टेज वन, टॉर्क भारी वाढला होता. चार महिन्यांत तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन तुटला, रिंगच्या मधला भाग उडालाय. आता ट्यूनर म्हणतोय स्टॉक फाइल परत टाकून देतो, कंपनीला कळणार नाही. टाकू का?

उत्तर : नको रे बाबा. बऱ्याच ईसीयूमध्ये, म्हणजे त्या इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, किती वेळा फ्लॅश झालं, फाइल बदलली, याचा हिशोब राहतो, फाइल स्टॉक केली तरी तो आकडा एकनं वाढणारच, आणि इंजिन गेल्यावर ते पहिलं तेच बघतात. शिवाय ती फसवणूक आहे, ते वेगळंच.

छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड दिला की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, याला एलएसपीआय म्हणतात, आणि पिस्टनच्या रिंगमधला भाग असाच तुटतो. २०२० मध्ये एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनं इंजिन ऑइलचा एसपी ग्रेड आणला, त्यात या प्रकाराची चाचणी आहे. स्टॉक गाडीलाही हे होऊ शकतं म्हणून तू कंपनीला खरं सांगून विचारून बघ, विचारायला काय जातं, पण आशा ठेवू नकोस. ट्यूनरनं लेखी काही गॅरंटी दिली होती का ते शोध. नाही दिली ना, वाटलंच.

प्रश्न : पाणी गेलं म्हणून क्लेम नाकारलाय. मी गाडी पाण्यात घातलेलीच नाही, पाऊस होता एवढंच. एक रॉड वाकलाय.

उत्तर : रॉड वाकलाय म्हटल्यावर हायड्रोलॉकचा संशय येणारच, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि रॉड वाकतो. पण पाणी कुठून आलं हा प्रश्न आहे, आणि तो एअर फिल्टरच्या डब्यात सुटतो. डबा उघडा. बाहेरचं पाणी आत गेलं असेल तर फिल्टरचा कागद लहरी होऊन सुरकुततो, डब्याच्या तळाला मातीची रेघ राहते, इनटेक पाइपमध्येही. तिथं काहीच नसेल, सगळं कोरडं धूळकट असेल, तर मग आतलं पाणी, म्हणजे कूलंट. हेड गॅस्केट गेली किंवा ईजीआर कूलर, म्हणजे एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग, फुटला तरी सिलिंडरमध्ये कूलंट साठतं, रात्रभर उभी राहिली गाडी आणि सकाळी स्टार्टर मारला की वाकला रॉड. हे वॉरंटीच्या बाजूनं जाऊ शकतं, त्यामुळं ऑइल लॅबला द्या, सोडियम-पोटॅशियम जास्त निघालं तर कूलंट, सिलिकॉन जास्त असेल तर बहुतेक धूळ.

अजून एक बघा, हे मला फार आवडतं. सिलिंडरच्या तोंडाशी पिस्टन जिथवर पोचतो तिथं वर कार्बनचा काळा पट्टा असतो. रॉड वाकला की पिस्टन थोडा खाली थांबतो, आणि तसाच गाडी चालली तर जुन्या पट्ट्याखाली दुसरा, फिकट पट्टा तयार होतो. दोन पट्टे म्हणजे रॉड आज वाकलेला नाही, बरेच दिवस वाकडा चाललाय. दुसरा पट्टा नसेल तर घटना ताजी. नाकारणाऱ्यांनी हा फोटो काढलाय का विचारा, नसेल तर काढायला लावा. आणि सगळे पुरावे बाहेरच्या पाण्याकडंच गेले तर कंपनीच्या मागं लागण्यात अर्थ नाही, इन्शुरन्सच्या कागदात इंजिन प्रोटेक्शन घेतलं होतं का तेवढं बघा.

प्रश्न : मी जुनी गाडी घेतली, दुसरा मालक. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो तसलं इंजिन. बेल्टचे तुकडे होऊन ऑइल पंपाची जाळी बुजली आणि दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या खिशातून अर्धं इंजिन केलं. आता ऐकतो की अशा इंजिनांची वॉरंटी कंपन्या वाढवतायत. मला जुना खर्च परत मिळेल का? मी पहिला मालक नाही.

उत्तर : मिळू शकतो, आणि पहिला मालक नाही म्हणून आधीच माघार घेऊ नका. अशी वाढीव वॉरंटी साधारणपणे गाडीला, म्हणजे चॅसिस नंबरला असते, माणसाला नाही, पण प्रत्येक ठिकाणच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचायला लागतात. ऑइलमधल्या बेल्टचं ठळक उदाहरण म्हणजे स्टेलांटिसचं, प्यूजो-सिट्रोएनच्या मालक कंपनीचं, प्युअरटेक इंजिन. बेल्टचं रबर ऑइलमध्ये फुगून सोलवटतं, चुरा गाळणीत जातो, प्रेशर पडतं. युरोपात त्यांनी कव्हर १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किमीपर्यंत नेलं आणि ज्यांनी आधीच स्वतःचे पैसे घातले होते त्यांना परत मागायची सोय २०२५ मध्ये केली, सर्व्हिस नियमानं झालेली असली पाहिजे या अटीवर. ह्युंदाई-कियाच्या अमेरिकेतल्या समझोत्यातही आधीच्या दुरुस्तीची, टोची भरपाई पावती दाखवून मिळत होती. तेव्हा तुमच्या गाडीसाठी तुमच्या देशात असं काही जाहीर झालंय का ते चॅसिस नंबर देऊन लेखी विचारा, आणि मुदत विचारा, अशा योजनांना शेवटची तारीख असते आणि ती गेली की गेली.

आधीच्या मालकाला फोन करा. सर्व्हिसची बिलं त्याच्याकडं पडलेली असतात आणि त्याला त्यांचा काही उपयोग नसतो. गोड बोलून मागा, जुन्या गाडीबद्दल माणसाला माया असते, बहुतेक जण देतात.

दुरुस्तीच्या बिलावर ‘इंजिन काम’ एवढंच लिहिलं असेल तर त्याच गॅरेजकडून कुठले पार्ट बदलले आणि का, त्याचं सविस्तर पत्र घ्या, बिल नंबर टाकून, तारीख आजचीच घाला. आणि बिल थर्मल कागदावर असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच त्याची झेरॉक्स काढा, दोन वर्षांत त्याची शाई उडत आलेली असणार.